रविवारची उठबस

"बघा ना, इतकी वर्षं पडून राहायची तयारी केली, अन् एक दिवस पडून राहिल्या नाहीत."

आत्या, हे तुझ्याबद्दल होतं. काल तुझ्या तेराव्याची पंगत नुकतीच उठली होती. मी हात धुवायला तुझ्या न्हाणीघरात गेले होते आणि तू भिंतीत बसवून घेतलेली स्टीलची दांडी धरून उगाच उभी होते. बाहेर बोळात समोरच्या जोशीकाकू कुणाला तरी हे सांगत होत्या.

"लई नशीबवान," दुसरी बाई म्हणाली. "कुणाला तरास नाय, काय नाय."

"त्रास द्यायला होतं कोण? लग्न केलं नाही, पोरबाळ नाही. एक भाची तेवढी दर रविवारी यायची. तीसुद्धा दिवाळीपासून फिरकली नव्हती."

मी बादलीत तांब्या बुडवला नाही, आवाज झाला असता. खरकटा हात तसाच धरून उभी राहिले. त्या दोघी हॉलकडे गेल्यावरच हात धुतला.

तेरा दिवस मी सगळ्यांचं बोलणं असंच ऐकतेय, दाराआडून नाहीतर मान खाली घालून. "जुई, तुझ्यावर फार जीव होता गं त्यांचा," असं प्रत्येक जण सांगतो. मी मान हलवते आणि मनात विचारते, कशासाठी होता? हा प्रश्न दिवाळीपासून माझ्याकडे पडून आहे. तो तुला विचारायचा होता. तू समोर असताना तोंड उघडलं नाही, म्हणून आता लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीतलं तू वाचायला येत असूनही बाजूला ठेवलं असतंस.

तू गेलीस ती सकाळ मी कांताकडून तीनदा ऐकली. तिन्ही वेळा ती तेच सांगते का, हे मी बघत होते. तू चालून आलीस, चपला जागेवर ठेवल्यास आणि हॉलमधल्या लाकडी खुर्चीत बसलीस. कांता तेव्हा मागे भांडी घासत होती. ती चहा घेऊन आली तेव्हा तुझी मान थोडी कलली होती. तुझे हात मांडीवर नव्हते, छातीवर घडी घातलेले होते. म्हणजे तू दमून बसली नव्हतीस, व्यायामाला बसली होतीस. बसलीस आणि उठायचं राहिलं.

त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता. गारखेड्यात तुमच्या भागात पाणी आठवड्याने येतं, आणि या वर्षी पाऊस दडी मारून बसल्यापासून आठवडासुद्धा नक्की राहिलेला नाही. बिल्डिंगची बोअर डिसेंबरातच आटली होती. तुला अंघोळ घालायची तर पाणी नाही. बाबा टँकरवाल्याला फोन लावत होते आणि तो उचलत नव्हता. तेव्हा कांताने कुणाला न विचारता मागच्या व्हरांड्यातल्या निळ्या ड्रमचं झाकण उघडलं. "बाईंचंच पाणी हाय हे," ती म्हणाली, "बाईंनाच लागू दे."

तो ड्रम सगळ्या बिल्डिंगला खुपत होता. लोक घागर घागर मोजून वापरत होते आणि तू एक अख्खा ड्रम झाकून ठेवायचीस. पाणी आलं की जुनं पाणी झाडांना घालायचीस आणि ड्रम पुन्हा काठोकाठ भरायचीस. जोशीकाकू एकदा म्हणाल्याही होत्या, "शैलाताई, एकटीला काय करायचंय एवढं? पोहायचंय का?" तू म्हणालीस, "पडले तर लागेल." काकू हसल्या. मीही हसले होते, मनातल्या मनात. मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांना साठवायची सवयच असते.

तुझ्या ड्रमचा अर्थ मला हर्सूलला कळला.

तुला आठवतंय ना, तू मला स्कूटीवरून तिकडे घेऊन जायला लावलंस. रोजच्या कॉलनीतल्या फेऱ्यांचा कंटाळा आला म्हणालीस. तलावात पाणी नव्हतंच. भेगा पडलेल्या गाळावर गुरांच्या खुरांचे ठसे वाळून कडक झाले होते. मी काठावर थांबले, आणि तू सरळ आत उतरलीस, सत्तरी ओलांडलेली बाई, पांढरे बूट आणि साडी. "चल की! एरवी इथं बुडून मरायची सोय, आज चालायला मिळतंय."

मधोमध जाऊन तू उभी राहिलीस. तिथे, कुठलीही प्रस्तावना न करता, तू मला पिशोरचं सांगितलंस. मला एवढंच माहीत होतं की तू पिशोरच्या शाळेत खेळाची शिक्षिका होतीस आणि आजी शेवटी तुझ्याकडेच होती. आजी अंथरुणावर होती हेही माहीत होतं. तो दुष्काळ होता आणि टँकर चार-चार दिवसांनी यायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आईचं अंथरूण दिवसातनं तीनदा ओलं व्हायचं," तू म्हणालीस. "चादर धुवायला पाणी कुठनं आणायचं? एक दिवस मी शाळेतनं दमून आले, बघते तर पुन्हा ओलं. मी म्हणाले, आई, जरा दम धर की गं, उद्या टँकर येणारे. एवढंच म्हणाले. ओरडले नाही काही."

तू जरा वेळ बुटाच्या टोकाने गाळाचं ढेकूळ फोडत राहिलीस.

"दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी प्यायचं सोडलं. मी तांब्या धरायचे, ती ओठ ओले करून परत द्यायची. म्हणायची, तहान नाही. मला वाटायचं, नसेल तहान."

मग तू वळलीस आणि भराभरा काठाकडे चालायला लागलीस, मला धापा टाकत मागे यावं लागलं. चढताना तू हात दिलास तो मला.

त्या दिवसानंतर मी तुझ्या व्यायामाला हसणं थांबवलं. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एका पायावर उभं राहून भाजी निवडणं, जमिनीवर बसून हात न टेकता उठणं, हे सगळं मला निरोगी राहण्याचं वेड वाटायचं. ते वेड नव्हतं, तुला कुणाच्याही तोंडून "दम धर" ऐकायचं नव्हतं. एवढं मला समजलं होतं. पुढचं समजलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला.

दर रविवारी सकाळी मी यायचे ते मोजायला. लाकडी खुर्ची खिडकीसमोर ओढायची, तू हात छातीवर घडी घालून बसायचीस, नुसत्या पायांच्या जोरावर उठायचीस, पुन्हा बसायचीस. शाळेत पोरांना शिक्षा म्हणून घालायला लावायच्या त्या उठाबशा. या म्हाताऱ्या माणसाच्या, खुर्चीवरच्या. त्यांना तू "उठबस" म्हणायचीस. "चल, माझी उठबस मोज. मोठ्यानं. रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे."

तुला ठाऊक होतं की मला मोठ्याने बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि तुला हेही ठाऊक होतं की मला मराठी आकडे धड येत नाहीत. शाळेत ट्वेंटी-नाईन, थर्टी-नाईन शिकलेली मी. अठ्ठावीसपर्यंत रेटून न्यायचे आणि पुढे अडायचे. पहिल्या वेळी मी "एकोणपन्नास" म्हणाले होते. तू अर्धवट उठलेली, गुडघे वाकलेले, तशीच थांबलीस आणि हसून हसून परत खुर्चीत कोसळलीस.

"अगं, एका झटक्यात वीस खाल्ल्यास माझ्या!"

मग शिकवलंस. "पंचवीस म्हणताना विसाला धरून पुढं यायचं. एकोणतीसला वीस सोडायचा आणि तिसाकडं बघायचं. तिसाला एक कमी. नऊ आला की आपण पुढचं बघून मोजतो, मागचं नाही."

मला ते तेव्हाच पाठ झालं, आत्या. पुढच्या रविवारी शब्द तोंडात तयार होता. पण अठ्ठावीस झाल्यावर तू अर्ध्यात थांबलीस आणि माझ्याकडे बघायला लागलीस. मांड्या थरथरतायत, चेहऱ्यावर ते शाळेतलं हसू. खिडकी उघडी, बाहेर जोशीकाकू तुळशीला पाणी घालतायत. माझं तोंड उघडेना. मला वाटलं, मी काय पहिलीतली पोरगी आहे? तू तीन-चार श्वास वाट बघितलीस आणि खाली बसलीस. "बरं, पुढच्या रविवारी." मग ते ठरूनच गेलं. दर रविवारी अठ्ठावीस. तू हट्टी आणि मी तुझी भाची. पावसाळा नावालाच येऊन गेला, नवरात्र झालं, दिवाळी आली, आपण अठ्ठावीसच्या पुढे गेलो नाही.

तूही कमी संशयी नव्हतीस. दूध बोटावर घेऊन बघायचीस, लिफ्टवर भरवसा नाही म्हणून तळमजला घेतलास, आणि बाबांच्या "आम्ही आहोत ना" या वाक्यावर तर तुझा काडीचा विश्वास नव्हता. राखीला आमच्या सिडकोतल्या घरी झालेला तो संवाद मला जसाच्या तसा आठवतो.

"ताई, तू कशाला काळजी करतेस? आम्ही आहोत ना."

"आम्ही म्हणजे कोण, सुध्या? नाव सांग, वार सांग."

"वार काय?"

"सोमवारी मला न्हाऊ कोण घालणार? मंगळवारी दवाखान्यात कोण नेणार? तू फिरतीवर, सुनीताची शाळा, ही पोर ऑफिसात. नाव सांग, वार सांग."

"तू अजून शाळेचं टाइमटेबलच लावतेस, ताई."

"टाइमटेबल नसलं ना, की सगळी पोरं मैदानावर असतात आणि वर्गात कुणी नसतं."

बाबांनी विषय श्रीखंडावर नेला. आईने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी नोंदवून ठेवलं.

आणि माझ्या कामालाही तू सोडलं नाहीस. मी बायपासच्या पलीकडच्या नव्या इमारतींचे नकाशे काढते. तिथे परवापरवापर्यंत ज्वारी होती, असं तू म्हणायचीस. एकदा मी लॅपटॉपवर एक फ्लॅट दाखवला. मला वाटलं, खिडक्या बघशील. तू बोट ठेवलंस ते संडासाच्या दारावर.

"हे किती रुंद?"

"सव्वादोन फूट."

"चाकाची खुर्ची जाते का?"

मी नकाशा मोठा करून ते माप पुन्हा बघितलं.

"मग ही माणसं म्हातारी झाल्यावर जाणार कुठं? शेतात? शेतही ठेवलं नाही तुम्ही." आणि मग, "तुझ्या साहेबाला सांग ना दार मोठं करायला. तोंड आहे ना?"

मी सांगितलं नाही. दर रविवारी तू विचारायचीस, सांगितलंस का, आणि मी "बघते" म्हणायचे. आपला हा वाद असाच अर्धवट राहिला.

आता दिवाळीनंतरचा तो रविवार. मी बाटल्या भरून आणत होते आणि तू स्वयंपाकघरात कांताशी बोलत होतीस. कांता तुझ्याकडे धुण्याभांड्याला यायची, पण वर्षभर तू तिला दुसरंही काही शिकवत होतीस. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चादर न उठवता कशी बदलायची. मी दाराशी आले आणि ऐकलं.

"माझी उठबस जुईकडं. ते माझं ठरलंय. तिला अजून सांगितलं नाही."

"ऐकतील का ताई?"

"ऐकेल. पोर मनानं बरी आहे."

मी चार पावलं मागे गेले आणि पाय वाजवत पुन्हा आले. तू लगेच विषय बदललास. मोजायचं तर मी आधीपासूनच मोजत होते, मग न सांगण्यासारखं त्यात काय होतं?

घरी आल्यावर आईला विचारलं, "उठबस म्हणजे काय गं?" आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"कोण म्हणालं?"

मी सांगितलं.

"उठबस म्हणजे आजारी माणसाला उठवायचं, बसवायचं, न्यायचं-आणायचं. सगळंच. झोपायचं-उठायचं त्यांच्याबरोबर." तिने पोळी तव्यावर टाकली. "मी म्हणत नव्हते? एवढी माया उगाच नसते. नाव सांग, वार सांग. आता नाव मिळालं त्यांना."

आत्या, मला तुझ्याकडून शब्दाचा एक अर्थ माहीत होता, आईने दुसरा दिला, आणि शब्दकोशात दुसराच आधी सापडला. त्यानंतर मी मागचा प्रत्येक रविवार उलटून बघितला, कापड उलटं करून शिवण बघतात तसा. तू मला कमरेत न वाकता गुडघ्यातून वजन उचलायला शिकवलं होतंस. का? जमिनीवरच्या माणसाच्या काखेत हात घालून कसं उभं करायचं, ते स्वतःला आडवं टाकून दाखवलं होतंस. आपण केवढ्या हसलो होतो. का शिकवलंस? हर्सूलला नेऊन आजीचं सांगितलंस, ते मला हळवं करायला का? माझ्या मुलाखतीच्या दिवशी तू दही घेऊन एवढ्या लांब आलीस, तेसुद्धा या हिशेबात बसवून टाकलं मी. बसत होतं सगळं. संशयात सगळं नीट बसतं.

मग मी यायची थांबले. पहिल्या रविवारी काम आहे म्हणाले, दुसऱ्या रविवारी सर्दी. नंतर तूच फोनवर विचारायचीस, "येतेस का?" आणि मी म्हणायचे, "बघते." तू कधी "का गं?" विचारलं नाहीस. एवढी चौकस बाई, दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी करणारी, मला एकदाही नाही. फक्त फोन ठेवण्याआधी म्हणायचीस, "बरं, पुढच्या रविवारी." मला त्याचाही संशय यायचा. वाटायचं, ही घाई करत नाही कारण हिला खात्री आहे.

त्या चार महिन्यांत मी तुझ्या गल्लीवरून स्कूटीने दोनदा गेले. थांबले नाही.

तर काल. हात धुऊन मी हॉलमध्ये आले. पाहुणे बरेचसे गेले होते. आई डबे भरत होती, जोशीकाकू दाराशी चपला शोधत होत्या. बाबा तुझ्या कपाटातली निळी वही घेऊन सतरंजीवर बसले होते. वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्या फळ्यावरच्या अक्षरात मथळा होता: "मी पडल्यावर". बाबांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मला वाटतं, त्यांना त्यात काही गमतीचं असेल अशी आशा होती.

"न्हाणं, सकाळी, कांता. चादरी, कांता. औषधं, मी स्वतः, शुद्ध असेपर्यंत, मग कांता. दवाखाना, सुधीर, मंगळवार. वर्तमानपत्र वाचून दाखवणे, सुनीता, शनिवारी." इथे आईचा हात डब्यावर थांबला. "पाणी, ड्रम. कुणावरही ओरडू नये." बाबा खाकरले. "उठबस, जुई. रविवार."

आईने माझ्याकडे बघितलं, तेच राखीचं बघणं. जोशीकाकू चपला शोधायच्या थांबल्या. माझे कान तापले. म्हणजे खरंच होतं. मला वाईट वाटलंच, पण खोटं कशाला सांगू, आधी एक प्रकारचं समाधान वाटलं. माझा संशय बरोबर निघाला होता.

"आता न्हाणं, धुणं समदं माझ्याकडं," कांता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती माझ्याशी नाही, बाबांशी बोलत होती. "मग ताईकडं काय राहिलं, दादा? उठबस म्हणजे ती नव्हं. ही."

आणि तिने, तेराव्याच्या घरात, सगळ्यांसमोर, पदर खोचला, तुझ्या खुर्चीत बसली, हात छातीवर घेतले आणि उठून दाखवलं. पुन्हा बसली, पुन्हा उठली. "ही. बाई म्हणायच्या, मी पडले तरी खाटंवर पाय हलवीत राहीन. ते मोजायला जुई पायजे. बाकी कशाला हात लावू द्यायचा नाय तिला."

"का?" हे मी विचारलं. माझा आवाज मलाच नवीन वाटला.

"मी बी इचारलं व्हतं. म्हणाल्या, धुणं-पुसणं करून माणूस दमतं, कांता, अन् दमलं की एखादा शबूद तोंडातनं जातो. तो जुईच्या तोंडातनं जायला नको. जल्मभर तिलाच छळील. तुझ्या तोंडातनं गेला तर आपण दोघी भांडून मोकळ्या व्हऊ."

कांता हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

"मग मला सांगितलं का नाही?"

"भ्याल म्हणून. पडायचं नाव काढलं की पोर लांब पळंल, म्हणाल्या."

आत्या, तू नाव काढलं नाहीस आणि तरी मी पळाले. एवढी टाइमटेबलं लावलीस, त्यात हे धरलं नव्हतंस.

मी बाबांकडून वही घेतली. पुढची पानं रोजच्या नोंदींची होती. वार आणि समोर आकडा. सोमवार तीस. मंगळवार तीस. बुधवार तीस, "गुडघा कुरकुरला". शनिवार तीस. रविवार अठ्ठावीस. मी पान उलटलं. तीस, तीस, तीस, तीस, तीस, तीस, अठ्ठावीस. मी येत होते तेव्हाचे रविवार ठीक होते. मग मी दिवाळीनंतरची पानं काढली. मी नसलेले, काम असलेले, सर्दी झालेले सगळे रविवार. अठ्ठावीस. एकही सुटला नव्हता. तू एकटी खुर्चीत बसायचीस, अठ्ठावीस घालायचीस आणि थांबायचीस.

"रविवारी दोन कमी का?" मी कांताला विचारलं, उत्तर माहीत असून.

"म्हणायच्या, पुढचा आकडा माझा नाय."

मी अजून पूर्ण विश्वास ठेवलेला नाही, हे तुला सांगून ठेवते. रात्रभर विचार केल्यावर वाटतंय, तू हे मुद्दाम लिहून ठेवलं असशील. तुला माहीत होतं की मी कुणाच्या बोलण्यावर जात नाही, वह्या तपासते. तू मला ओळखून होतीस. तसं असेल तरी चालेल. माझ्यासाठी पुरावा ठेवावा एवढं तुला वाटलं, हे मी कुणाकडून मागितलं नसतं.

एक राहिलं. सोमवारी मी साहेबांना दाराबद्दल बोलणार आहे. पावणेतीन फूट तरी. ते नाही म्हणतील. तरी बोलणार आहे. कारण काल मला कळलं की माझा आवाज निघतो.

वही मिटून मी तुझ्या खुर्चीपाशी गेले. कांता बाजूला झाली. खुर्ची तुझ्या उंचीची आहे, माझ्यासाठी जरा ठेंगणी. मी बसले. हातांची छातीवर घडी घातली. आई म्हणाली, "जुई, अगं लोक आहेत," आणि बाबांनी हातानेच तिला थांबवलं. खिडकी उघडी होती. जोशीकाकूंच्या एका पायात चप्पल होती. निम्म्यात मांड्या थरथरल्या. तू त्या जागी किती वेळ थांबायचीस, ते तेव्हा समजलं. हात न लावता, नुसत्या पायांवर, मी उठून उभी राहिले आणि रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"एकोणतीस."